स्कोप अंतर बरोबर दाखवतो, तरी गोळी खाली का लागते?

ऑक्टोबर उजाडला की टेक्सासमधल्या आमच्या रेंजवर ही तक्रार ठरलेली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा सीझन उघडतो. त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत माणसं नवे लेझर अंतरमापक स्कोप, म्हणजे अंतर मोजून नेम कुठे धरायचा तिथे ठिपका पेटवणाऱ्या बंदुकीवरच्या दुर्बिणी, घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, काचेत तीनशे यार्ड आले, ठिपका पेटला, ठिपका धरूनच चाप ओढला, आणि गोळी पाटीच्या खालच्या कडेला." मी सॅन अँटोनिओत मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन करते आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर मदतीला असते. गेल्या काही वर्षांत हा बिघाड इतक्यांदा सोडवलाय की आता पहिल्या दोन प्रश्नांतच रोख कळतो. तरी तपासणी मी दर वेळी त्याच क्रमानं करते. त्यात फुकटची कामं आधी येतात आणि काडतुसं खर्च करायला लावणारी शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगते. इलेक्ट्रॉनिक स्कोप अंतर मोजण्यात क्वचित चुकतो. तो चुकतो ते आपण त्याला दिलेल्या माहितीमुळे, नाहीतर त्याला धरून ठेवणाऱ्या चार-सहा स्क्रूंमुळे. साध्या स्कोपला ही माहिती लागत नाही, पण स्क्रू त्यालाही तेच. त्यामुळे खालचं बरंचसं दोघांनाही लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी लक्षणं ओळखा

गोळ्या कशा चुकतात ते कागदावर बघा, आठवणीवर जाऊ नका. प्रत्येक लक्षणाची वाट वेगळी असते.

१०० यार्डांवर तीन गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसतात, पण ३०० वर सगळ्या सारख्याच खाली किंवा सारख्याच वर जातात. अशा वेळी बंदूक ठीक आहे, काचही ठीक आहे, चूक आकड्यांत आहे. सगळ्यात जास्त येणारं लक्षण हेच.

१०० वरच ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, फाटतो किंवा सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे लागतो. इथे काहीतरी ढिलं आहे. आकड्यांना हातही लावू नका.

जवळ बरोबर, पण अंतर वाढेल तशी गोळी एकाच बाजूला सरकत जाते. वारा नसताना असं होत असेल तर स्कोप तिरपा बसलाय.

अंतराच्या जागी नुसत्या रेघा येतात, किंवा त्याच झाडाचं अंतर एकदा २१० आणि एकदा १४० येतं. हा लेझरच्या वाटेतला अडथळा, काचेवरची घाण किंवा बॅटरी.

ठिपका बार झाल्याबरोबर विझतो आणि परत येतो. ही जवळजवळ नेहमीच बॅटरीची स्प्रिंग.

डोकं जरा हललं की क्रॉसहेअर पाटीवर पोहल्यासारखं सरकतं. हा पॅरलॅक्स. बाजूची नॉब फिरवून तो घालवता येतो. नॉब नसेल तर गाल दर वेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवायची सवय लावा. याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

हात लावण्याआधी

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग करंगळीनंही चाचपा. काडतुसं दुसऱ्या टेबलावर. खालची स्क्रू-स्कोपची सगळी कामं रिकाम्या बंदुकीवरच. "आत्ताच तर रिकामी केली" असं कुणी म्हणालं तरी मी पुन्हा बघते आणि त्याला कुणी वाईट वाटून घेत नाही.

१. बॅटरी

खर्च थोडा आणि वेळ दोन मिनिटं, म्हणून ती आधी. अंतरमापक स्कोपमध्ये बहुधा सीआर१२३ नावाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. नवा, सीलबंद पाकिटातला सेल टाका. घरच्या डब्यात सापडलेला "चांगलाच असेल" असा सेल तपासणीला चालत नाही. त्याच आकाराचे रिचार्जेबल सेल बाजारात मिळतात, पण त्यातले बरेच ३.७ व्होल्टचे असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ पर्यंत जातात. माहितीपत्रकात परवानगी नसेल तर ते वापरू नका.

झाकण उघडलंच आहे तर स्प्रिंग बघा. ती दबून गेली असेल तर बंदुकीच्या धक्क्यानं सेल क्षणभर सुटतो आणि ठिपका जातो. संपर्काच्या जागी पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सेल फुटून आतपर्यंत ओल गेली असेल तर थांबा. पुढचं काम कंपनीचं.

साध्या स्कोपच्या माणसाला ही पायरीच नाही, आणि हा त्याचा खरा फायदा आहे. अंतरमापक स्कोपचा सेल मेला तरी बहुतेक मॉडेलांत काचेवर कोरलेलं क्रॉसहेअर तसंच राहतं, जातो तो फक्त ठिपका. म्हणून मी प्रत्येकाला दस्त्यावर एक छोटा कागद चिकटवायला लावते. त्यावर २००, २५०, ३०० यार्डांना गोळी किती इंच उतरते ते हातानं लिहिलेलं असतं.

२. काच आणि लेझरच्या खिडक्या

मुख्य भिंग सगळे पुसतात. लेझर जिथून बाहेर पडतो आणि जिथे परत येतो त्या दोन छोट्या खिडक्या कुणी पुसत नाही. टेक्सासच्या हिल कंट्रीत चुनखडीची धूळ असते, ती तिथे साय धरल्यासारखी बसते. आधी ब्लोअरनं किंवा मऊ ब्रशनं धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. सुकी धूळ तशीच घासली तर कोटिंगवर ओरखडे उठतात आणि ते जात नाहीत.

काचेवर धुकं असेल तर ते बाहेर आहे की आत ते ठरवा. बोट फिरवून गेलं तर बाहेरचं. गेलं नाही तर आतलं. स्कोपची नळी नायट्रोजन किंवा आरगॉन भरून सील केलेली असते. आत धुकं आलं याचा अर्थ सील गेलंय. ते उन्हात ठेवून "वाळतं", पण पुढच्या थंड पहाटे परत येतं. त्यावर घरी करण्यासारखं काही नाही.

३. एककं

आपण मीटरमध्ये वाढलो. इथल्या रेंजा, काडतुसांचे तक्ते, शेजारच्याचा सल्ला, सगळं यार्डांत. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. उपकरण मीटरवर राहिलं असेल आणि तुम्ही काचेतला २७४ हा आकडा यार्ड समजून साध्या स्कोपच्या रेघेवर धरलात, तर .३०८ च्या (काडतुसाचा एक आकार) गोळीला तीन-साडेतीन इंचांचा फटका बसतो. आमच्या मंडळातले एक काका दोन सीझन याच चुकीपायी बंदुकीला दोष देत होते. मेन्यूतलं ते एक अक्षर बदललं आणि तक्रार मिटली.

याच मेन्यूत दुसरी खूण बघा, ती उताराची. डोंगरावरून खाली नेम धरताना सरळ रेषेतलं अंतर ३०० असलं तरी ३० अंशांच्या उतारावर आडवं अंतर २६० च भरतं, आणि गोळी किती उतरणार ते ठरवायला हे आडवं अंतर धरावं लागतं. आतला संगणक हा हिशेब आपोआप करत असेल तर तुम्ही हातानं पुन्हा करू नका. दोनदा वजाबाकी केलेली माणसं मी पाहिली आहेत.

४. लेझर नक्की कशावर आपटतोय

लेझर अंतर मोजतो म्हणजे प्रकाशाचा एक ठोका पाठवतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. ३०० यार्ड जाऊन-येऊन साधारण १.८ मायक्रोसेकंद लागतात. बहुतेक उपकरणं ९०५ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. ठोका कशावरूनही परतला तरी उपकरणाला तो खराच वाटतो. हरणाच्या पुढ्यात वाळकं गवत असेल तर गवताचं अंतर मिळतं. पाऊस, धुकं किंवा ब्लाइंडच्या, म्हणजे आपल्या मचाणाच्या, खिडकीची प्लास्टिकची काच असेल तरीही तसंच. आधी खिडकी उघडा, मग स्कोपला बोल लावा.

घरच्या घरी होणारी चाचणी सांगते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असलेला विजेचा खांब शोधा. रिकाम्या बंदुकीनं, सुरक्षित दिशा बघून. शक्य असेल तर स्कोप काढून तिपाईवर बसवूनच करा. क्रॉसहेअर खांबाच्या डावीकडून सावकाश उजवीकडे न्या आणि दर थोड्या वेळानं बटण दाबा. आकडा क्रॉसहेअर खांबावर असतानाच यायला हवा. खांब ओलांडून गेल्यावर येत असेल तर लेझर आणि काच एका रेषेत नाहीत. वर-खालीसाठी हेच एखाद्या आडव्या तुळईवर करा. ज्या मॉडेलांत लेझर जुळवायचा स्क्रू दिलेला आहे तिथे पत्रकाप्रमाणे जुळवा. दिलेला नसेल तर तो कारखान्यातच जुळवलेला असतो, तिथे स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही.

मग रेंजवर १००, २००, ३०० च्या मोजलेल्या पाट्यांवर वाचन घ्या. दोन-तीन यार्डांचा फरक काहीच नाही. तेवढ्या फरकानं हरणावर गोळी चुकत नाही.

५. स्क्रू

साध्या तीन ते नऊ पट स्कोपचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. अंतरमापक स्कोप ७०० ग्रॅमांपासून किलोच्या वर जातो. प्रत्येक बाराला बंदूक मागे उसळते आणि ते वजन जागच्या जागी राहू पाहतं. त्याला मागे ओढून नेण्याचं काम रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) आणि बेस (रिंगा बसतात ती पट्टी) यांचे बारीक स्क्रू करतात. वजन दुप्पट झालं की त्या स्क्रूंवरचा ताणही दुप्पट. जुन्या स्कोपला पुरणाऱ्या रिंगाच नव्याला लावून लोक येतात आणि पाच-दहा बारांत स्कोप केसभर पुढे सरकतो.

हे कसं पकडायचं? स्क्रू नीट घट्ट केल्यावर मी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर उतरणारी नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढते, आणि रिंगेच्या कडेला स्कोपच्या नळीवर कागदी टेपची एक पट्टी अगदी खेटून लावते. दहा बार झाले की भिंगातून बघते. गेल्या वर्षी एका दादांच्या रायफलवर लाल रेघ पुढच्या स्क्रूपाशी तुटलेली होती. फट किती, तर डोक्याच्या केसाएवढी, आणि टेप व रिंग यांच्यात नळीची काळी कड दिसायला लागली होती. तेवढ्यानं त्यांचा ग्रुप १०० यार्डांवर पाच इंच फाटत होता. आदल्या आठवड्यात त्यांनी चार वेळा पुन्हा झिरो केलं होतं, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एका जागी जुळवली होती, आणि दोन पेट्या काडतुसं संपवली होती.

घट्ट म्हणजे किती? हाताच्या अंदाजावर नको, टॉर्क रेंच घ्या. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड लागतात. १८ म्हणजे जेमतेम २ न्यूटन-मीटर. पण रिंगांबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा शेवटचा. जास्त पिळलं तर स्कोपची नळी दाबली जाते, आतली फिरणारी यंत्रणा अडकते आणि क्लिक, म्हणजे नेम सरकवणाऱ्या नॉबचे टप्पे, नीट चालत नाहीत. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं थोडे-थोडे घट्ट करा आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा. बेसच्या स्क्रूंना तेल लागलेलं असेल तर आधी पुसून काढा. तिथे निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) चालतं, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना मात्र पत्रकात सांगितलं नसेल तर नको. आणि दस्ता नळीला धरून ठेवणारे खालचे दोन मोठे स्क्रू विसरू नका. सगळे स्कोपकडे बघतात आणि ढिलं असतं ते खाली.

स्क्रूचं डोकं गोल झालं, आटे गेले, स्क्रू फिरतच राहतोय, किंवा बेसचा पुढचा स्क्रू लांब असून आत नळीच्या आट्यांना टेकतोय, अशा वेळी थांबा. हे गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, काम.

६. ओळंबा

वाऱ्याशिवाय एका बाजूला सरकण्याचं कारण बहुधा हेच. ५० यार्डांवर दोरीला वजन बांधून ओळंबा लटकवा. बंदूक समतल धरा, छोटी लेव्हल बोल्टच्या सपाट भागावर ठेवा आणि क्रॉसहेअरची उभी रेघ दोरीवर बसते का बघा. ५ अंशांचा तिरपेपणा ३०० यार्डांना इंचभर आणि ५०० ला चार-पाच इंच बाजूला नेतो. दोनशेच्या आत कळतही नाही. म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं तिरपा स्कोप वापरतात आणि अंतरमापक घेऊन लांब मारायला लागली की मग तक्रार सुरू होते.

७. प्रोफाइल: इथेच बहुतेक बिघाड सापडतात

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, १०० वर ग्रुप चांगला आहे आणि तरीही ३०० ला गोळी सारखीच खाली जातेय, तर आता मेन्यू उघडा. अंतरमापक स्कोपच्या आत एक छोटा हिशेबनीस बसलाय असं समजा. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: बंदूक किती यार्डांवर झिरो केली आहे, गोळीचा वेग किती, गोळी हवा किती कापते आणि काच नळीच्या किती वर आहे. यातलं एक चुकलं तर तो चुकीचं उत्तर पूर्ण आत्मविश्वासानं देतो.

झिरोचं अंतर हा पहिला संशयित. बऱ्याच लोकांच्या प्रोफाइलमध्ये २०० यार्ड लिहिलेलं असतं आणि रेंजवर जागा मिळाली म्हणून झिरो केलेलं असतं १०० वर. .३०८ ची १५० ग्रेन वजनाची गोळी घ्या. २०० वर झिरो केली तर ती १०० वर सुमारे दोन इंच वर लागते आणि ३०० वर साडेआठ इंच खाली. १०० वर झिरो केली तर ३०० वर चौदा-साडेचौदा इंच खाली. स्कोप समजतो की साडेआठच इंचांची भर घालायची आहे. उरलेले सहा इंच तुमच्या पदरात पडतात. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण आठ इंचांची. मधोमध धरलं तर खाली चारच इंच मिळतात. सहा इंच खाली म्हणजे गोळी मर्माच्या खाली, बरगड्यांच्या खालच्या कडेला नाहीतर पुढच्या पायाच्या वर.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. चार सीझनांपूर्वी लानो काउंटीत एका मादीवर मी अशीच गोळी सोडली. अंतर २९० दाखवलं होतं, ठिपका खांद्यामागे होता, हात स्थिर होता. ती तीन पायांवर सीडरच्या झुडपांत शिरली. अंधार पडेपर्यंत आणि नंतर टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत आम्ही रक्ताचे थेंब शोधत होतो. पहाटे ती ओढ्यापाशी मिळाली, तेव्हा रात्रभर तिनं काय सोसलं ते मातीवर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी प्रोफाइल उघडलं तर झिरोच्या पुढे २००. मी १०० वर झिरो करून आठवडाही झाला नव्हता. तेव्हापासून झिरो केल्यावर बंदूक टेबलावरून उचलण्याआधी मी मेन्यूतला तो आकडा मोठ्यानं वाचते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावते.

दुसरा संशयित वेग. पेटीवरचा वेग लांब चाचणी नळीतून मोजलेला असतो, .३०८ साठी २४ इंची. तुमची नळी २० इंची असेल तर इंचामागे साधारण २० ते २५ फूट प्रतिसेकंद कमी धरा. चार इंचांत जवळजवळ शंभर फूट गेले. ३०० ला त्यानं इंचभर फरक पडतो, ४०० ला अडीच-तीन इंच. रेंजवर क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, बहुधा कुणाकडे तरी असतोच. पाच गोळ्यांची सरासरी घ्या आणि तीच भरा. काडतुसाची पेटी बदलली, गोळीचं वजन बदललं, की प्रोफाइलही बदलायला हवं.

तिसरा नव्या स्कोपांचा खास आजार आहे. फोनवरच्या ॲपमध्ये तुम्ही प्रोफाइल दुरुस्त करता, पण ते ब्लूटूथनं स्कोपमध्ये उतरलेलंच नसतं. फोनवर बरोबर आणि काचेत जुनंच. हातातला अंतरमापक आणि वेगळा स्कोप अशी जोडी असेल तर ही शक्यता आणखी वाढते, कारण माहिती तीन ठिकाणी राहते. सॉफ्टवेअर अपडेटनंतरही बघा. फोन बंद करून स्कोपच्याच मेन्यूत आकडे वाचा.

स्कोप ठरावीक पटीवरच हिशेब करतो का, तेही पत्रकात बघा. साध्या स्कोपमध्ये खालच्या रेघा वापरत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. रेटिकल (काचेतलं क्रॉसहेअर आणि रेघा) दुसऱ्या प्रतलात, म्हणजे पट बदलली तरी रेघा तेवढ्याच दिसतील अशा जागी, असेल तर त्या रेघांचे आकडे एकाच पटीला, बहुधा सर्वांत मोठ्या पटीला खरे असतात. नऊऐवजी सहावर ठेवून तिसरी रेघ धरली तर ती ३०० ची राहत नाही.

८. आता काडतुसं खर्च करा

सीझनमध्ये जी पेटी वापरणार तीच घ्या. वाळूच्या पिशव्या दस्त्याखाली ठेवा, नळीखाली कधीच नाही. तीन गोळ्या, मग नळी गार होऊ द्या. टेक्सासच्या उन्हात ती लवकर गार होत नाही. तापलेल्या नळीवरून उठणाऱ्या लाटांनी पाटीच हलल्यासारखी दिसते आणि माणूस स्कोपला दोष देतो.

साध्या, क्लिकच्या स्कोपसाठी चौकोनाची चाचणी: पाटीच्या मध्यावर एक गोळी, मग ४० क्लिक वर आणि एक गोळी, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. दर वेळी नेम मध्यावरच. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट हे कोनाचं माप) क्लिकला १०० यार्डांवर ही प्रत्येक बाजू सुमारे साडेदहा इंचांची हवी आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी यायला हवी. नाही आली तर आतली यंत्रणा गेली. अंतरमापक स्कोपमध्ये हे करून फायदा नाही, कारण तिथे तुम्ही क्लिक फिरवत नाही, ठिपका धरता. तिथे १००, २००, ३०० वर प्रत्येकी तीन गोळ्या ठिपक्यानं मारा आणि कागद जपून ठेवा.

तरीही उलगडा झाला नाही तर शेवटचा उपाय म्हणजे अदलाबदल. खात्रीचा साधा स्कोप या बंदुकीवर लावा. तिनं ग्रुप दिला तर दोष स्कोपचा. नाही दिला तर दोष बंदुकीचा, आणि तुमचा नवा स्कोप निर्दोष. ही चाचणी शेवटी ठेवते कारण तिला वेळ लागतो आणि पुन्हा झिरो करावं लागतं. पण इतकी स्पष्ट चाचणी दुसरी नाही.

मग घ्यावा कुठला?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून माझं मत देते. हिल कंट्रीत ब्लाइंडमधून दिसणारं हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांवर असतं. २०० वर झिरो केलेला साधा स्कोप तिथे सरळ धरून मारायला पुरतो. बॅटरी नाही, प्रोफाइल नाही, वजन निम्मं. पश्चिम टेक्सासात प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) किंवा औदाद (रानमेंढा) यांच्या मागे जाणार असाल, जिथे तीनशे यार्ड म्हणजे जवळ, तिथे अंतरमापक स्कोप उपयोगी पडतो. मात्र त्याचे आकडे वर सांगितल्याप्रमाणे तपासलेले हवेत. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं ते छिद्राच्या साईटवर. त्या स्पर्धेत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. तिथे अंतर ठरलेलं असतं. आपल्याला ते ठरलेलं नसतं, एवढ्यासाठीच हे उपकरण.

राज्याचा नियम आधी वाचा. टेक्सासात चालतं ते शेजारी चालेलच असं नाही. आयडाहोत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत बंदुकीवर किंवा स्कोपमध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही, फक्त उजळणारं रेटिकल चालतं. कोलोराडोत आत संगणक असलेल्या बंदुकीनं शिकार करता येत नाही. आणि भारतातल्या भावाला भेट म्हणून स्कोप बॅगेत टाकण्याचा विचार असेल तर तो सोडा. अमेरिकेतून बंदुकीचा स्कोप बाहेर नेण्यावर निर्यात नियंत्रण आहे, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे.

कधी थांबायचं

बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर लगेच थांबा. पुढची गोळी सोडू नका. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि दुसरी मागून आली तर नळी फुटते. बंदूक सुरक्षित दिशेला धरा, थोडं थांबा, रिकामी करा आणि गनस्मिथकडे न्या. वापरलेल्या काडतुसाच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं, बोल्ट जड उघडायला लागला, चाप हलका झालाय असं वाटलं किंवा नळीचं तोंड आपटलं, तरीही गनस्मिथच. यातलं काहीही स्कोपच्या दुरुस्तीत मोडत नाही.

स्कोप हलवल्यावर आत खुळखुळ वाजत असेल, आत धुकं असेल, चौकोन बंद होत नसेल, लेझर रेषेबाहेर असून जुळवायला स्क्रू नसेल, किंवा नळीवर रिंगेचा खड्डा पडला असेल, तर तो उघडू नका. सील एकदा तुटलं की वायू गेला आणि बहुधा वॉरंटीही गेली. नुसता स्कोप बंदुकीवरून काढून, बॅटरी काढून, कंपनीकडे पाठवा. सोबत तीन गोष्टी घाला: गोळ्या मारलेल्या पाट्यांचे फोटो, प्रत्येक फोटोवर अंतर आणि काडतुसाची जात, आणि स्कोपच्या मेन्यूचा आकडे दिसतील असा एक फोटो. आणि तो परत आल्यावर प्रोफाइल पुन्हा भरा. दुरुस्तीहून येणाऱ्या स्कोपची स्मृती बऱ्याचदा कोरी असते आणि झिरोच्या जागी कारखान्याचा आकडा बसलेला असतो.